सौम्य साधन आणि कठोर साध्य

गेल्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर माझ्या भाचीने आपला चेहरा भाजून घेतला. 'भाजून' हा शब्द मी अतिशयोक्तीने योजीत नाही. घरबसल्या मागविलेल्या एका लहानशा बाटलीतील तांबडा द्रव तिने रात्री गालांस लावला. दहा मिनिटांनी तो धुवावयाचा होता. मैत्रिणीशी फोनवर बोलता बोलता अर्धा तास लोटला. आणि दुसऱ्या दिवशी दोन्ही गाल उकडलेल्या बिटासारखे झाले. त्या द्रवात तीस टक्के अम्ल होते, ही गोष्ट बाटलीवर छापलेली होती. परंतु ती ज्या बारीक अक्षरांत होती ती वाचण्यास माझ्या वयाच्या माणसाला भिंग लागते आणि तिच्या वयाच्या मुलीला सवड नसते. त्वचारोगाच्या डॉक्टरांनी मलम दिले, ऊन टाळावयास सांगितले, आणि दोन महिन्यांत कातडी पूर्ववत झाली. मध्यंतरी ठरलेला एक बघण्याचा कार्यक्रम मात्र पुढे ढकलावा लागला, आणि पुढे तो झालाच नाही. माझ्या बहिणीच्या मते खरे नुकसान काय ते हेच.

यंदा भाचीने दुसरी बाटली आणली आहे. ह्या बाटलीतील अम्ल विकरांच्या साहाय्याने तयार केलेले असून ते त्वचेशी सौम्यपणे वागते, अशी ग्वाही तिच्यावर आहे. मी तीस वर्षे पुण्यात रसायनशास्त्र शिकविले असल्यामुळे तिने ती माझ्यापुढे ठेवून विचारले, "मामा, हे खरं आहे का?" रसायनापुरते उत्तर मी तिला तेव्हाच दिले. परंतु ते देत असताना माझ्या ध्यानात आले की, 'सौम्य' हा जो एक शब्द त्या बाटलीवर आहे, त्याच्या पोटात दोन नव्हे तर तीन निरनिराळे प्रश्न दडलेले आहेत, आणि त्यांतील शेवटचा माझ्या शास्त्राच्या हद्दीतला नाही.

अम्ल म्हटले की आपणांस जळणे, चरणे, भोके पडणे हेच आठवते. वास्तविक अम्लाशी आपल्या घरांचा स्नेह फार जुना आहे. उटण्यात दही कालविणारी आजी, ताकाने केस धुणारी आत्या, कोपरांवर लिंबाची फोड चोळणारी आई, ह्या सर्व जणी अम्लाचाच प्रयोग करीत होत्या. आंबलेल्या दुधातील अम्ल शेले ह्या स्वीडिश रसायनज्ञाने १७८० साली वेगळे केले. आपण त्यास दुग्धाम्ल म्हणतो. त्वचेच्या अगदी वरचा थर मृत पेशींचा असतो. ह्या पेशी एकमेकींस प्रथिनांच्या सूक्ष्म टाचण्यांनी जोडलेल्या असतात, आणि त्वचेतीलच काही विकरे त्या टाचण्या एकेक करून तोडीत असतात. त्यामुळे जुना थर कोणाच्या नजरेस न येता गळून जातो आणि साधारणतः महिन्याभरात, वय वाढलेले असल्यास त्याहून अधिक काळात, खालचा नवा थर वर येतो. अम्ल लावल्याने ह्या टाचण्या लवकर सैल होतात. दह्यातील अम्ल हे काम मंदपणे करते, बाटलीतील घाईने करते. भेद काय तो मात्रेचा व वेगाचा. व्हॅन स्कॉट आणि यू ह्या अमेरिकेतील दोघा संशोधकांनी १९७४ साली अशा अम्लांविषयी जो निबंध प्रसिद्ध केला, त्यात माशाच्या खवल्यांसारखी त्वचा होणाऱ्या रोग्यांस ह्या अम्लांनी आराम पडतो असे दाखविले होते. म्हणजे ह्या द्रव्यांचा जन्म शृंगाराच्या मेजावर झालेला नाही, रुग्णाच्या खाटेपाशी झालेला आहे. शृंगाराने त्यांस नंतर दत्तक घेतले. अमेरिकेतील प्रसाधनद्रव्यांची पारख करणाऱ्या तज्ज्ञमंडळाने १९९८ साली असे ठरविले की, लोकांनी घरी वापरावयाच्या द्रव्यात अशी अम्ले दहा टक्क्यांहून अधिक नसावीत, द्रव्याचा सामू साडेतीनच्या खाली नसावा, आणि ती वापरणाऱ्याने उन्हापासून त्वचा सांभाळावी. भाचीच्या पहिल्या बाटलीत ह्याच्या तिप्पट अम्ल होते.

आता विकरांकडे वळू. एन्झाइम ह्या शब्दास आमच्या परिभाषेने 'विकर' हा प्रतिशब्द दिला आहे. तो फारसा रूढ झालेला नाही, तरी सुटसुटीत आहे म्हणून मी तोच वापरतो. विरजण म्हणजे काय, ह्याचे शास्त्रीय उत्तर 'दुधात सोडलेली विकरांची जिवंत भांडारे' असे देता येईल. ही किमया करण्यास जीव असावाच लागतो अशी पुष्कळ काळ समजूत होती. बुखनर ह्या जर्मन शास्त्रज्ञाने १८९७ साली यीस्टच्या पेशी चिरडून केवळ त्यांच्या रसाने साखर आंबवून दाखविली, आणि विकर हे पेशीबाहेरही काम करू शकते हे सिद्ध झाले. ह्या कार्याबद्दल त्यास १९०७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. विकराची थोरवी दोन गोष्टींत आहे. एक तर ते पाण्यात, कोमट उष्णतेत, वातावरणाच्या साध्या दाबाखाली काम करते. दुसरे असे की ते चोखंदळ असते. दहा दारांच्या वाड्यात ज्या दाराची किल्ली त्याच्याजवळ आहे तेवढेच ते उघडते.

पुणेकरांस तरी ही हकीकत परकी वाटावयास नको. पाषाणच्या माळावर ज्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे उद्घाटन पंडित नेहरूंनी ३ जानेवारी १९५० रोजी केले, तेथे औद्योगिक उपयोगाच्या सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह जतन केलेला आहे. उसाच्या साखरेपासून किण्वनाने दुग्धाम्ल करण्याचे प्रयत्नही तेथे झालेले आहेत. पेनिसिलिनचा रेणू दुभंगणाऱ्या विकरावर ह्याच प्रयोगशाळेत पुष्कळ वर्षे काम झाले, आणि पेनिसिलिनचा कारखाना तर १९५४ सालापासून शेजारी पिंपरीसच होता. ह्या दुभंगण्याचे उदाहरण मी वर्गात नेहमी देत असे. नवी प्रतिजैविके बनविण्यासाठी पेनिसिलिनची एक बाजू छाटावी लागते, परंतु मधला नाजूक गाभा शाबूत ठेवावा लागतो. रसायनाच्या जुन्या रीतीने हे करावयाचे तर क्लोरीनयुक्त द्रावक, फॉस्फरस पेंटाक्लोराइडसारखे दाहक द्रव्य आणि शून्याखाली चाळीस अंशांची थंडी, एवढा सरंजाम लागे. विकर तेच काम पाण्यात, आपल्या अंगाइतक्याच उबेत करते. माझ्या विद्यार्थ्यांस ही गोष्ट ऐकून आनंद होई, आणि मलाही दर वर्षी सांगताना होई. कारण येथे केवळ काटकसर नाही, एक प्रकारचे सौजन्य आहे.

परंतु त्या सौजन्याचा लाभ कोणास होतो? बाटलीवरील शब्दाचा घोटाळा येथेच आहे.

त्वचेच्या बाजारात सर्वांत अधिक खपणारे अम्ल ग्लायकॉलिक होय. ते करण्याची एक जुनी रीत अशी: फॉर्माल्डिहाइड आणि कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू ही दोन द्रव्ये तीव्र अम्लाच्या संगतीत, सुमारे दोनशे अंश उष्णतेत आणि शेकडो वातावरणांच्या दाबाखाली, पोलादी भांड्यात कोंडावयाची. विकराची रीत निराळी आहे. तीत एका नायट्राइल द्रव्यावर विकर सोडले की कोमट पाण्यात त्याचे अम्ल होते. हे वाचून मनास बरे वाटते. परंतु ते नायट्राइल कोठून आले, असे विचारल्यास उत्तर येते: फॉर्माल्डिहाइड आणि हायड्रोजन सायनाइड ह्यांपासून! म्हणजे यात्रेचा उत्तरार्ध पालखीतून झाला, पूर्वार्ध काट्यांतूनच झाला. आणि मुख्य गोष्ट ही की, दोन्ही वाटांनी शेवटी हाती येणारा रेणू एकच आहे. शुद्ध ग्लायकॉलिक अम्ल पोलादी भांड्यात जन्मले की विकराच्या मांडीवर, हे गालास कळत नाही. त्याची तीव्रता, त्याचे आत शिरणे, त्याचे चुरचुरणे ही सर्व त्याच्या आकारावर आणि मात्रेवर अवलंबून असतात, कुळावर नाहीत. जन्मावरून गुण ठरविण्याची आपली सवय माणसांच्या बाबतीत खोटी ठरली. अम्लांच्या बाबतीतही ती खोटीच आहे.

म्हणून विकराने केलेले सौम्य अम्ल ही थाप आहे, असे मात्र कोणी समजू नये. जेथे विकराच्या चोखंदळपणामुळे असा एक निराळा रेणू हाती येतो, जो मुळातच मंद स्वभावाचा आहे, तेथे तो शब्द खरा ठरतो. द्राक्षशर्करेच्या रेणूवर हवेतील प्राणवायूची क्रिया होऊ शकेल अशा अनेक जागा असतात. ग्लुकोज ऑक्सिडेज हे विकर त्यांतून नेमकी एक निवडते, आणि त्यातून ग्लुकोनोलॅक्टोन व पुढे ग्लुकॉनिक अम्ल तयार होते. हेच विकर मधमाशीपाशीही असते, म्हणून मधातील मुख्य अम्ल हेच होय. ग्लायकॉलिक अम्लाचा रेणुभार ७६, ग्लुकॉनिकचा १९६. देह मोठा आणि पाण्याची ओढ फार, म्हणून ते त्वचेत हळूहळू उतरते आणि कमी झोंबते. दुसरे उदाहरण 'क' जीवनसत्त्वाचे. ते स्वतः अम्ल असून हवेत लवकर बिघडते. जपानात ओकायामा येथील संशोधकांनी १९९० च्या सुमारास विकराच्या साहाय्याने त्यास द्राक्षशर्करेचा एक रेणू जोडून दिला. ही जोडी टिकाऊ असते, आणि त्वचेत गेल्यावर तेथीलच एक विकर ती जोडी सोडवून जीवनसत्त्व थोडे थोडे मोकळे करते. ह्या दोन्ही उदाहरणांत सौम्यपणा वस्तूच्या अंगचा आहे. भाचीच्या नव्या बाटलीवरील घटकांची यादी मी भिंग घेऊन वाचली, तेव्हा तीत ग्लुकोनोलॅक्टोन आढळले. त्यासाठी मी त्या कारखानदारास गुण दिले. परंतु त्याच यादीत त्याच्या वरच्या ओळीवर ग्लायकॉलिक अम्लही होते, आणि ग्वाहीचा शब्द दोघांवर सारखाच पांघरलेला होता.

तेव्हा पहिला प्रश्न, वस्तू सौम्य आहे काय? दुसरा, ती करण्याची रीत सौम्य आहे काय? गिऱ्हाईक पहिल्यासाठी पैसे मोजते आणि दुकानदार दुसऱ्याचे प्रमाणपत्र दाखवितो. पण म्हणून दुसरा प्रश्न क्षुल्लक ठरत नाही. गांधीजींनी आपल्या पिढ्यांस साधनशुचिता हा शब्द शिकविला, आणि राजकारणात तो किती पाळला गेला हे सांगण्यात अर्थ नाही. परंतु रसायनाच्या कारखान्यात त्यास अगदी हाताला लागेल असा अर्थ आहे. १९८४ च्या डिसेंबरात भोपाळला जे घडले त्याचे कारण एका रीतीत साठवून ठेवावे लागणारे विष होते. ज्या रीतीत सायनाइड नको, दाबाची भांडी नकोत, क्लोरीनयुक्त द्रावक नकोत, ती रीत भट्टीपाशी उभ्या असणाऱ्या कामगारावर, भिंतीपलीकडच्या वस्तीवर आणि खालच्या अंगाच्या नदीवर उपकार करते. हा उपकार गिऱ्हाइकाच्या गालावर दिसत नाही, म्हणून जाहिरातीत त्यास जागा मिळत नाही. मिळते ती वेष पालटून, जणू तो उपकार गालावरच झाला आहे अशी. मला वाटते, एखाद्या कारखानदाराने सरळ असे छापावे: 'हे अम्ल तुम्हांस पूर्वीइतकेच झोंबेल, परंतु ते करताना आमच्या कामगारास कमी धोका पत्करावा लागला.' अशी बाटली कितीजण विकत घेतील? हा प्रश्न मी स्वतःस विचारला, आणि उत्तर देण्याची घाई केली नाही.

आता तिसरा प्रश्न. साधनशुचितेची चर्चा आपण नेहमी एकाच बाजूने करतो: साध्य चांगले आहे, ते मिळविण्यास वाईट साधन चालेल काय? येथे पारडे उलटे आहे. साधन दिवसेंदिवस शुद्ध, कोमल, निर्धोक होत आहे. साध्याचे काय? भाचीस मुरुमांचे डाग घालवावयाचे होते हे खरे; परंतु पाहुण्यांपुढे बसण्याच्या आधी तीन आठवडे ते घालवावयाचे होते हेही खरे, आणि बाटलीवरचा 'उजळ' हा शब्द तिने व तिच्या आईने ज्या अर्थाने वाचला तो डागांपुरता नव्हता. १९७५ साली बाजारात आलेल्या 'फेअर अँड लव्हली' ह्या मलमाचे नाव २०२० साली बदलून 'ग्लो अँड लव्हली' असे झाले. गोरेपणा गेला आणि तेज आले. शब्द सौम्य झाला, अम्ले सौम्य झाली. परंतु मुलीस आपला चेहरा परीक्षेस मांडावा लागतो ही कठोर गोष्ट जागची हलली नाही. उलट, मला भीती वाटते ती ही की, साधन जितके सौम्य तितके साध्य अधिक टिकाऊ. जे झोंबते त्याविरुद्ध कधी तरी कोणी ओरडते. जे झोंबत नाही ते नित्यकर्म होऊन बसते.

ह्यावरून मला एक जड तुलना सुचते; ती जड आहे हे जाणूनच मी ती करतो. गेल्याच्या गेल्या शतकात विधवांचे केशवपन होत असे. त्या वेळी कोणी अधिक धारदार, कातडीस न लागणारा वस्तरा शोधून काढला असता, तर त्या बायांच्या डोक्यास होणाऱ्या इजा कमी झाल्या असत्या, आणि तेवढ्यापुरता तो शोध दयेचाच ठरला असता. परंतु १८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे ह्यांच्या प्रेरणेने नाभिक मंडळींनी जे केले ते निराळे होते. त्यांनी वस्तरा सुधारला नाही. तो खाली ठेवला.

हे सर्व मी भाचीस, अर्थात इतक्या लांबण न लावता, सांगितले. वस्तऱ्यापर्यंत तिने ऐकून घेतले. मग ती म्हणाली, "मामा, निवृत्तीच्या समारंभाच्या आदल्या दिवशी तुम्ही कलप लावलात, तो कोणाच्या जुलमाने?"

ह्याला मजजवळ तयार उत्तर नव्हते. मी म्हणालो, हौस होती. ती म्हणाली, तिलाही हौस आहे. आरशात सकाळी जे दिसते ते आपणांस आवडावे एवढीच इच्छा असते, पाहुणे त्या वेळी खोलीत नसतात. आणि पुरुषाने कलप लावला तर ती हौस, मुलीने अम्ल लावले तर ते समाजाचे दास्य, हा न्याय कोठला? तिचा मुद्दा खरा आहे. सोळा वर्षांची मुलगी मुरुमांनी खचून वर्गात मान वर करीत नाही, तिचा त्रास कोणा तत्त्ववेत्त्याने 'खोटा' म्हणावा इतका हलका नसतो. खवल्यांच्या त्वचेच्या रोग्यास तर ह्या अम्लांनी खरेच माणसांत आणले आहे. शृंगार हा मनुष्याचा जुना आणि निर्मळ आनंद आहे. नरक चतुर्दशीच्या पहाटे उटणे लावताना कोणी कोणाचा गुलाम होत नाही. तेव्हा एकाच बाटलीत आनंद आणि धाक हे दोन्ही असू शकतात, आणि त्यांस वेगळे करणारे विकर अद्याप कोणास सापडलेले नाही.

तथापि एक कसोटी मला सुचते आणि ती मी स्वतःच्या कलपासही लावून पाहिली. मी कलप लावला नसता तर समारंभ रद्द झाला नसता. तिचे गाल लाल असताना एक स्थळ गेले. एखादी गोष्ट न करण्याची किंमत जेथे इतकी भरमसाट असते, तेथे ती करण्यास हौस म्हणणे मला अवघड वाटते. मी हे म्हटले तेव्हा ती गप्प राहिली, आणि तिची आई म्हणाली, "दादा, तुझं सगळं खरं, पण मुलगी तुझ्या घरातली नाही."

ती माझ्या घरातली नाही, हेही पूर्णतः खरे नव्हते. तिचे स्थळांकडे पाठवावयाचे माहितीपत्रक मीच केले आहे. संगणकावर मराठी टंकलेखन आमच्या घरात मलाच येते. जन्मवेळ, उंची, शिक्षण, गोत्र, मामाचे कूळ अशा ओळी ताई सांगत गेली आणि मी घालीत गेलो. पाचव्या ओळीवर 'वर्ण: निमगोरा' असे आहे. 'गव्हाळ' म्हणावे काय, ह्यावर आम्ही त्या दिवशी दहा मिनिटे घालविली होती, आणि 'निमगोरा' हा शब्द शेवटी मीच सुचविला होता.

त्या संभाषणानंतर मी ते पत्रक पुन्हा उघडून ती ओळ काढून टाकली आणि ताईस तसे कळविले. ती रागावली नाही. ती एवढेच म्हणाली, की ओळ नसली तर लोक सावळी आहे असे धरून चालतील, आणि पत्रक पुढे वाचणारही नाहीत. तिचे म्हणणे खोटे आहे असे मला प्रामाणिकपणे सांगता आले नाही. पत्रकाच्या दोन्ही प्रती अद्याप माझ्या संगणकावर आहेत. येत्या रविवारी तळेगावचे पाहुणे यावयाचे आहेत. त्यांस जी प्रत गेली तीत ती ओळ आहे.